येरंडटोल्याचा धबधबा

येरंडटोल्याच्या मोठ्या तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, मुठीएवढे भोक पडले असल्याची बाब गावचा पाणकर यादोराव याच्या निदर्शनास दिनांक ४ ऑगस्ट २०१४ रोजी सकाळी सात वाजता आली. भोक खेकड्याचे होते. त्यातून करंगळीएवढी धार पाळीच्या मागच्या अंगाने धानाच्या बांध्यांकडे, खाचरांकडे, निघाली होती. पाणी स्वच्छ होते, म्हणजे घाबरण्यासारखे काही नव्हते. दुसऱ्या कुठल्याही वर्षी हे भोक साडेसातपर्यंत बुजले असते आणि आठ वाजता यादोराव घरी चहा पीत बसला असता.

पाणकर म्हणजे तलावाचे पाणी वाटणारा माणूस. कोणाच्या बांधीला किती वेळ पाणी द्यायचे, तलावाचे तुडूम, म्हणजे पाणी सोडायचे तोंड, कधी उघडायचे आणि पाळ कुठे खचली आहे, हे सगळे त्याच्याकडे. यादोरावाच्या घरात हे काम सात पिढ्यांपासून होते. अर्जुनी मोरगावच्या बाजूला कोहळी समाजाच्या लोकांनी जे तलाव बांधले त्यातलाच हा एक, आणि तो यादोरावाच्या खापरपणज्याच्याही आज्याने, भिवा पाटलाने, बांधला होता. खेकड्याचे भोक बुजवण्याची पद्धतही भिवा पाटलाचीच. वारुळाची माती घ्यायची, धानाचे तणस कालवायचे, गोळा आत कोंबायचा आणि वरून टाचेने तुडवायचे. या पद्धतीत परवानगी घेण्याची पायरी नव्हती, कारण भिवा पाटील दूरदृष्टीचा नव्हता.

गडबड जानेवारीतच झाली होती. त्या महिन्यात वन्य भूप्रदेश व जलसौंदर्य आस्वाद कक्षाच्या उपसंचालक मॅडम पाहणीला आल्या. सकाळची वेळ, पाण्यावर धुके, कमळाची पाने आणि उथळ पाण्यात सारसाची जोडी डोलत उभी. मॅडमनी हात जोडले. त्या म्हणाल्या, "इथे माणसाचा हातच लागलेला नाही!"

यादोराव तेव्हा खांद्यावर फावडे घेऊन सहा पावलांवर उभा होता. पाळीवरचे झुडूप तोडून तो नुकताच सरळ झाला होता. त्याने आपल्या हातांकडे पाहिले. तेवढ्यात मॅडमबरोबरचा फोटोवाला म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा. फ्रेममध्ये येता." यादोराव समजूतदार माणूस, तो बाजूला झाला.

मे महिन्यात आलेल्या अधिसूचनेने उरलेले गावही बाजूला केले. 'सदर जलाशय हा स्वयंभू, वन्य व मानवी स्पर्शविरहित असून त्याचे सौंदर्य अबाधित राखणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे', असे त्यात म्हटले होते. स्वयंभू हा शब्द गावाने आजवर देवळातच ऐकला होता, त्यामुळे लोकांना आधी बरेच वाटले. सरपंच दुधरामने ठरावावर सहीही केली. कागदात 'विकास' हा शब्द तीन वेळा आला होता, आणि दोन वेळा आला तरी दुधराम सही करत असे. मग तुडुमाला लाखेची मोहोर लागली, पाळीवर फलक लागला: 'मानवी हस्तक्षेप करू नये'. यादोरावाने तो वाचला. कोणाबद्दल लिहिले आहे हे त्याला बरेच दिवस कळले नाही.

ते आखाडीला कळले. येरंडटोल्यात आखाडीच्या, म्हणजे आषाढी पौर्णिमेच्या, दिवशी प्रत्येक घरची बाई टोपलीभर माती डोक्यावर नेऊन पाळीवर टाकते. दोनशे घरांच्या दोनशे टोपल्या. पावसाने जेवढी पाळ झिजते तेवढी टोपल्यांनी भरून निघते, असा साधा हिशेब. त्या वर्षी पहिली टोपली यादोरावाच्या बायकोची, सावित्रीबाईची होती. ती पाळीवर पोचली तर समोर आस्वाद पर्यवेक्षक धनेंद्र बिसेन उभा. तिशीचा, गोंदियात वाढलेला, गळ्यात ओळखपत्र आणि बगलेत फाइल.

"काकी, ये क्या है?"

"दिसून नाई रायली का? माती हाये."

"संरक्षित जलाशयाच्या काठी अवैध भराव," धनेंद्र लिहिता लिहिता म्हणाला. "टोपली जमा करावी लागेल. पंचनामा होईल."

"टोपलीचा कायचा पंचनामा जी? बांबूची हाये, बुरडाकडची हाये, एका बाजूनं फाटली हाये. लिवा."

धनेंद्रने ते सगळे लिहिले, आणि 'एका बाजूने फाटलेली' याखाली रेघही ओढली. टोपली जप्त झाली. उरलेल्या एकशे नव्याण्णव बायका आपापली माती घेऊन घरी परतल्या.

म्हणून ४ ऑगस्टला भोक दिसल्यावर यादोराव वारुळाकडे न जाता कक्षाच्या शाखा कार्यालयात गेला. हे कार्यालय अर्जुनीला एका भाड्याच्या खोलीत होते. धनेंद्रने त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि 'हस्तक्षेप परवानगी अर्ज' पुढे सरकवला. त्यात हस्तक्षेपकर्त्याचे नाव, हस्तक्षेपाचे कारण आणि 'हस्तक्षेपामुळे बाधित होणारा रहिवासी' असे रकाने होते.

"याच्यात काय लिवू?"

"भोकात कोण राहतो?"

"खेकडा."

"मग त्याचे घर तुम्ही बुजवणार. त्याची हरकत असू शकते." धनेंद्रच्या चेहऱ्यावर विनोदाचा मागमूस नव्हता. "पंधरा दिवसांची जाहीर नोटीस लावू. कोणी आक्षेप घेतला नाही की परवानगी पक्की."

"पंधरा दिवसांत पार गेली मंजे?" पाळीला यादोराव पार म्हणे.

"तसा रकाना नाही, काका."

नोटीस भोकाशेजारी काठी रोवून, प्लास्टिकमध्ये घालून लावण्यात आली. 'संबंधितांनी आपले लेखी आक्षेप मुदतीत सादर करावेत.' संबंधित खेकडा दुसऱ्याच दिवशी तिथून निघून गेला, कारण भोकात त्याला आता पाण्याच्या जोराने उभे राहता येईना. त्याला जे कळले ते त्याने कोणाला न विचारता केले. यादोराव रोज सकाळी जाई, नोटिशीपुढे उकिडवा बसे आणि भोक मोजे. मूठ, मग तांब्या, मग पाणी भरायचा गुंड. पंधराव्या दिवशी भोक घमेल्याएवढे झाले. आक्षेप एकही आला नव्हता.

धनेंद्र फाइल घेऊन जागेवर आला, त्याने वाकून पाहिले आणि अर्ज परत केला. अर्जात भोकाचा आकार 'मूठ' असा नमूद होता. प्रत्यक्षात मुठीएवढे भोक जागेवर आढळले नाही.

"हेच भोक होय जी ते! वाढला हाये."

"वाढलेल्या भोकासाठी नवीन अर्ज लागेल. नवीन नोटीस."

"बरं, मंग तुडूम तरी खोला. पानी उतरला का पारीवरचा जोर कमी होते. खाली धानालेबी पानी पायजे."

"तुडूम उघडणे म्हणजे जलपातळीत फेरफार. त्याला वरिष्ठ कार्यालय लागते."

यादोरावाचा धीर सुटला. पाळीच्या मधोमध एक शेंदूर लावलेला दगड आहे. त्याने धनेंद्रला हाताला धरून तिथे नेले. "हा भिवा पाटलाचा दगड. आमच्या मानसानं बांधला हा तलाव. ही पार मातीची हाये, टोपली टोपली टाकून केली हाये. पानी का आपल्या मनानं थांबते? याले कोनीतरी रोज पायते, म्हनून हा तलाव हाये. मंग कायले म्हनता का मानसाचा हात नाई लागला?"

धनेंद्रने पेन उघडले. "म्हणजे हा तलाव भिवा पाटील यांनी बांधला, हे तुम्हाला कबूल आहे?"

"कबूल कायचं, अभिमान हाये!"

"फिर तो मामला गंभीर है, काका."

आठ दिवसांत नोटीस आली. भिवा पाटील, राहणार येरंडटोला, यांनी संरक्षित वन्य भूप्रदेशात विनापरवाना पाळ बांधून नाल्याचा नैसर्गिक प्रवाह अडवल्याचे दिसून येत असून त्यांनी बांधकाम परवानगीसह समक्ष हजर राहावे. अन्यथा त्यांचे काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल. भिवा पाटील जाऊन अडीचशे वर्षे झाली होती. त्यांचे काही म्हणणे नाही असे समजण्यात आले.

पोळ्याच्या सुमारास एका दुपारी यादोरावाने ठरवले की आता विचारायचे नाही. वारुळाची माती आणि तणस घेऊन तो पाळीच्या मागे उतरला. अर्धे भोक बुजलेही होते. मातीत हात कोपरापर्यंत घातल्यावर त्याला महिन्याभरात पहिल्यांदा बरे वाटले. मग वरून आवाज आला, "काका, बाहेर या."

धनेंद्र खाली उतरून शेजारी बसला. आजूबाजूला कोणी नाही हे पाहून त्याने ओळखपत्र खिशात घातले. "मला कळत नाही असे समजू नका. माझे बाबा सौंदडला धान करतात. आमच्या बांधीच्या धुऱ्याला भोक पडले तर ते लाथ मारून बुजवतात."

"मंग मार ना लाथ, बापू."

"नोकरी आहे ना, काका." त्याने ओळखपत्र पुन्हा बाहेर काढले आणि अर्धी बुजवलेली माती यादोरावाच्याच फावड्याने काढून टाकली. जागा 'पूर्ववत' करण्याचा नियम होता. तो नियम पाळताना त्याने मान वर केली नाही. भोक त्यामुळे पूर्वीपेक्षा दीडपट झाले, आणि पाणी आता धार सोडून लोटाने पडू लागले. खालच्या दगडांवर आदळून त्याचे पांढरे फवारे उडत. उन्हात त्यात लहानसे इंद्रधनुष्यही दिसे.

ते इंद्रधनुष्य गोंदियाच्या कोणा हौशी माणसाच्या फोनमध्ये गेले, तिथून नागपूरला गेले, आणि आठवड्याभरात मॅडम स्वतः आल्या. पाळीच्या मागच्या अंगाला उभ्या राहून त्यांनी डोळे मिटले.

"धबधबा," त्या हळूच म्हणाल्या. "आणि आपल्याला माहीतही नव्हता."

"मॅडम, मागच्या मयन्यात नव्हताच ना जी तो," यादोराव म्हणाला. "ते भोक हाये. पार फुटून रायली हाये."

मॅडमनी त्याच्याकडे मायेने पाहिले. "किती सुंदर सांगतात हे लोक! यांची लोककथा नोंदवून घ्या, बिसेन."

धनेंद्रने नोंदवून घेतली. 'स्थानिकांच्या श्रद्धेनुसार पाळ फुटत आहे.'

यानंतर कामाला वेग आला. हस्तक्षेपाला बंदी होती, आस्वादाला नव्हती. आस्वाद हा हस्तक्षेप नव्हे, असे परिपत्रकच होते. त्यामुळे पाळीवर, बरोबर भोकाच्या डोक्यावर, 'आस्वाद बिंदू' ठरवण्यात आला, कारण फोटो तिथूनच चांगला येत होता. रविवारी गाड्या येऊ लागल्या. लोक आस्वाद बिंदूवर उभे राहत, उड्या मारत, हवेत असतानाचे फोटो काढत. सारसाची जोडी दुसऱ्याच रविवारी निघून गेली. आलेल्या लोकांनी सारस कुठे आहेत असे विचारायला सुरुवात केली तेव्हा कक्षाने तातडीने दोन सारस मंजूर केले. सिमेंटचे, माणसाहून उंच, एकाची मान वर आणि एकाची खाली. ते बसवायला पाळीवर खड्डे खणले गेले, सिमेंटची पोती आली, गिट्टी आली, रेती आली.

यादोरावाने पोत्यांकडे पाहिले. "बापू, याच्यातला अर्धा पोता मले दे. एका दिवसात भोक बंद करतो."

"ते सारसांसाठी आहे, काका."

"सारस तर गेले ना!"

"म्हणूनच."

अठ्ठावीस सप्टेंबरच्या रविवारी धबधब्याचे औपचारिक लोकार्पण ठरले. रात्रभर वरच्या रानात पाऊस झाला होता, तलाव काठोकाठ भरला होता. खाली दोनशे एकर धान पोटरीवर आले होते. सकाळी यादोराव पाळीच्या मागे गेला आणि त्याने धारेखाली हात धरला. पाणी लाल झाले होते. भोकातून स्वच्छ पाणी येते तोवर ती गळती असते. लाल पाणी म्हणजे पाळ आतून विरघळत असते आणि त्यानंतर तासांचाच प्रश्न असतो. हे त्याला त्याच्या बापाने सांगितले होते, बापाला आज्याने. लोकार्पणाच्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र हे नव्हते.

दहा वाजता पाळीवर शंभर-सव्वाशे माणसे होती. मॅडमनी फीत कापली. त्याच क्षणी भोकाचा वरचा कंगोरा कोसळला आणि पाण्याचा लोट दुप्पट झाला. टाळ्यांचा कडकडाट झाला. निसर्गानेही मुहूर्त साधला, असे सूत्रसंचालक म्हणाला.

यादोराव खालच्या दगडावर उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून बेंबीच्या देठापासून ओरडला, "उतरा! पारीवरून उतरा! माती आना, माती! पार चालली!"

पाण्याच्या आवाजात वरच्यांना काही ऐकू गेले नाही. त्यांना हात हलवणारा म्हातारा दिसला. त्यांनीही हात हलवले. एकाने ओरडून, "काका, थोडे डावीकडे!" असे सांगितले. पन्नास फोन त्याच्याकडे वळले. जानेवारीत ज्याला फ्रेमबाहेर काढले होते, तो आता सगळ्यांना फ्रेममध्ये हवा होता.

यादोराव पाळीवर चढला. धाप लागलेली, धोतर चिखलाने भरलेले. तो माणसांना हाताने ओढू लागला, तर माणसे त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटोसाठी हसू लागली. पायाखालची माती थरथरत होती; ते त्याला तळव्यातून कळत होते, बाकीच्यांच्या पायात बूट होते. त्याने धनेंद्रकडे पाहिले. धनेंद्रचा चेहरा पांढरा पडला होता. तो शेतकऱ्याचाच पोरगा, त्याने लाल पाणी ओळखले होते. पण त्याच्या हातात फीत ठेवलेले तबक होते आणि ते कोणाकडे द्यायचे हे त्याला सुचत नव्हते.

मग यादोरावाला सुचले. तो पाळीच्या दूरच्या टोकाकडे, टेकडीच्या बाजूला बोट दाखवून ओरडला, "सारस आले! तिकडं! जोडी हाये, संगं पिल्लूबी हाये!"

'पिल्लू' म्हणताच सव्वाशे माणसे पळाली. मॅडम सगळ्यांच्या पुढे होत्या. धनेंद्र तबकासकट पळाला. शेवटचा माणूस टेकडीला पोचतो न पोचतो तोच मागे मोठा आवाज झाला आणि भिवा पाटलाचा दगड, दोन सिमेंटचे सारस, फलक आणि साठ हात पाळ एकदम खाली गेली.

तलाव रिकामा व्हायला दीड तास लागला. अडीचशे वर्षे साठलेले पाणी दीड तासात दोनशे एकर धानावरून गेले. लोक टेकडीवरून पाहत राहिले. काहींनी तेही टिपले. सावित्रीबाई धावत आली तेव्हा यादोराव तुटलेल्या पाळीच्या काठावर पाय सोडून बसला होता. तो रडत होता, लहान मुलासारखा, कोणाची लाज न धरता. "माही टाच इतंच होती," तो म्हणत होता. "एक टाच मारू देल्ली असती तं झाला असता." सावित्रीबाई त्याला चिकटून बसली.

चौकशी झाली. 'सदर ठिकाणी पाणी नव्हतेच, ते अडवलेले होते,' असा निष्कर्ष निघाला. 'आखाडीच्या भरावाच्या अनिष्ट प्रथेमुळे निसर्गाची ही प्रक्रिया अडीचशे वर्षे रखडली होती.' तलावाच्या उघड्या पोटात डिसेंबरपर्यंत गवत उगवले. जानेवारीत मॅडम आल्या, गवतावरचे दव पाहून त्यांनी हात जोडले आणि त्या जागी 'वन्य गवताळ प्रदेश' असा नवा फलक लागला. गावाने पाळ पुन्हा बांधू द्या म्हणून अर्ज केला. त्यावर गवताचे आक्षेप मागवण्यात आले आहेत.

भिवा पाटलावरचे प्रकरण तेवढे बंद झाले, कारण अतिक्रमण आपोआप हटले होते. त्यामुळे सावित्रीबाईची टोपली परत मिळाली. धनेंद्र स्वतः घेऊन आला. फाटलेली बाजू कोणीतरी सुतळीने शिवली होती. ती कोणी शिवली हे त्याने सांगितले नाही आणि चहाही घेतला नाही.

धबधब्याचा तो फोटो आता सगळीकडे आहे. तुम्हीही पाहिला असेल. इंद्रधनुष्य, पांढरे फवारे, आणि डाव्या कोपऱ्यात चिखलाने माखलेला एक म्हातारा, दोन्ही हात वर करून तोंडभर काहीतरी म्हणणारा. खाली हजारो जणांनी 'निसर्गाच्या कुशीतला आनंद' असे लिहिले आहे. तुम्हीही अंगठा उमटवून तो चार जणांना पुढे पाठवला असेल. यादोरावाचे म्हणणे एवढेच की, ज्यांना फोटो आवडला त्यांनी एकदा नीट पाहावे. तो हसत नव्हता. तो तुमच्याकडे टोपलीभर माती मागत होता.